टर्कीचा संकर : पिसांचा रंग हा कशाचा पुरावा?

कृष्णपिच्छ
"बर्बन रेड नर ब्राँझ माद्यांमध्ये सोडला की अर्धी पिल्ले तांबडी आणि अर्धी ब्राँझ निघतात, त्यांतली तांबडी ठेवावीत आणि बर्बन रेड म्हणून खुशाल द्यावीत," असा सल्ला 'लाल पिसारा' यांनी परवा येथे दिला आणि त्यावर कोणी साधी शंकाही घेतली नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. (बर्बन रेड म्हणजे तांबडा आणि ब्राँझ म्हणजे कांस्य झाकेचा गडद, असे हे टर्कीचे दोन वाण.)

बर्बन रेडचा तांबडा रंग एकाच जनुकाच्या दोन प्रती असल्याशिवाय पूर्णपणे उतरत नाही. शुद्ध ब्राँझकडे ते जनुक नसते, त्यामुळे पहिल्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लाला त्याची एकच प्रत मिळते आणि सगळी पिल्ले तांबूस झाक असलेल्या ब्राँझ रंगाची होतात. त्यांनाच पाळणारे 'रेड ब्राँझ' म्हणतात. ही रेड ब्राँझ आपापसांत जोडली तर सरासरी चारांतले एक पिल्लू ब्राँझ, दोन रेड ब्राँझ आणि एक तांबडे निघते. पहिल्याच उबवणीत ज्यांच्याकडे निम्मी पिल्ले तांबडी निघाली, त्यांच्या 'ब्राँझ' माद्यांत ते जनुक आधीच शिरलेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

पांढरा पक्षी तर याहून फसवा. पांढऱ्या रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती असल्या की खाली ब्राँझ आहे, काळा आहे की तांबडा, हे पिसांवरून ओळखताच येत नाही. समजा, बर्बन रेड नर आणि पोटात ब्राँझ लपवलेली पांढरी मादी यांची पिल्ले आपापसांत जोडली, तर सोळांमागे सरासरी चार पांढरी, तीन ब्राँझ, सहा रेड ब्राँझ आणि तीन तांबडी निघतील, आणि त्या तीन तांबड्यांपैकी दोन पांढऱ्याचे जनुक पुढे नेतील. ती 'बर्बन रेड' म्हणून विकत घेणाऱ्याला काही वर्षांनी कळपात पांढरे पिल्लू दिसले, तर त्याने जाब कोणाला विचारायचा?

लाल पिसारा
आपला हिशेब कागदावर सुंदर आहे. मात्र अंडी कागदावर उबत नाहीत. मी जे सांगितले ते माझ्या अंगणात डोळ्यांनी पाहिलेले आहे. माझ्या ब्राँझ माद्या अशुद्ध होत्या, असे आपण त्यांना न पाहता कसे ठरवले?

आणि शुद्धतेची एवढी चाड असेल, तर नाव सांगून विकणाऱ्यांबद्दलही बोला. मी एका विक्रेत्याकडून 'नॅरॅगॅन्सेट', म्हणजे कांस्य झाकेऐवजी करडी झाक असलेल्या वाणाची, म्हणून मादी घेतली आणि माझ्या ब्राँझ नराशी जोडली. नर-मादी दोन्ही मिळून एकही पिल्लू नॅरॅगॅन्सेट निघाले नाही, सगळी ब्राँझ! विक्रेता म्हणतो, "असेच होते." हा उघड फसवणुकीचा प्रकार आहे, आणि अशा लोकांना सोडून आपण माझ्यासारख्याला धडे देत बसला आहात.

रानपाखरू
रंगाचा हा हट्टच मला समजत नाही. दुर्मिळ पाळीव जाती जपणाऱ्या 'लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी' या अमेरिकन संस्थेने हेरिटेज, म्हणजे जुन्या पारंपरिक वाणांच्या, टर्कीसाठी ज्या तीन कसोट्या ठरवल्या आहेत, त्या नैसर्गिक समागमातून प्रजनन, मोकळ्यावर दीर्घ उत्पादक आयुष्य आणि संथ वाढ अशा आहेत. त्यांत रंग कोठेही नाही. रुंद छातीच्या व्यापारी टर्कीला कृत्रिम रेतनाशिवाय प्रजनन जमत नाही, हे खरे दुखणे आहे. शेपटीत पांढरा पट्टा कमी पडला म्हणून उत्तम पायांची, काटक पिल्ले बाजूला काढणारे लोक मी पाहिलेले आहेत, आणि दोन-तीन पिढ्यांनी त्यांच्याकडेच अंडी उबेनाशी झाली. सुबक रंगाचे रिकामे कवच कोणाला हवे आहे?

कृष्णपिच्छ
रानपाखरू, काटकपणाबद्दल दुमत नाही. परंतु कोंबड्या-टर्कींच्या वाणांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या लेखी टर्कीची जात एकच आहे, आणि १८७४ मध्ये मान्य झालेले ब्राँझ, नॅरॅगॅन्सेट, काळा, स्लेट व व्हाइट हॉलंड किंवा १९०९ चा बर्बन रेड हे सारे वाण रंगावरूनच पाडलेले आहेत. संकर हेरिटेज म्हणून ठेवावा, त्याला माझी हरकत नाही. त्याला वाणाचे नाव लावू नये.

लाल पिसारा, आपल्या विक्रेत्याने खरे तेच सांगितले. नॅरॅगॅन्सेटचे जनुक अप्रभावी (जोडीला दुसरे प्रभावी जनुक असले की झाकले जाणारे) आणि लिंगसहलग्न (लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असणारे) आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी आपले झेड फक्त मुलांना देते. मुलींना झेड मिळते ते बापाकडून. बाप ब्राँझ असल्याने मुली ब्राँझ झाल्या, आणि मुलांना आईचे जनुक मिळूनही बापाच्या ब्राँझने ते झाकले. हीच जोडी उलट, म्हणजे नॅरॅगॅन्सेट नर आणि ब्राँझ मादी अशी लावली असती, तर प्रत्येक मुलगी नॅरॅगॅन्सेट निघाली असती.

लाल पिसारा
वा! म्हणजे कोणतेही पिल्लू कोणत्याही रंगाचे निघो, विक्रेता नेहमी निर्दोष! ज्या शास्त्रात आईसारखे एकही लेकरू होत नाही आणि तरी आई अस्सल ठरते, ते शास्त्र विक्रेत्यांच्या फारच सोयीचे दिसते. शिवाय त्याच्या आवारात ब्राँझ नर मोकळे फिरत होते, हे मी स्वतः पाहिले आहे. मादी मुळातच भेसळीची नसेल कशावरून?

रानपाखरू
आवाज चढवून गुणसूत्रे बदलत नाहीत, महाशय. एक मात्र आहे की कृष्णपिच्छ यांची भाषा वर्गशिक्षकाची आहे, आणि त्यामुळे बरोबर मुद्दाही घशाखाली उतरत नाही.

गणिती
या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंकडून निसटते आहे. टर्कीची मादी एका समागमाचे वीर्य शरीरात कित्येक आठवडे साठवून ठेवते, आणि तेवढा काळ ती फलित अंडी देऊ शकते. विक्रेत्याच्या आवारात ब्राँझ नर फिरत असतील, तर मादी आणल्यानंतर लगेचच्या अंड्यांचा बाप कोण, हे लाल पिसारा यांनाही सांगता येणार नाही. 'डोळ्यांनी पाहिलेल्या' बर्बन रेडच्या उबवणीलाही हीच शंका लागू पडते: त्या माद्या नुकत्याच दुसऱ्या कळपातून आल्या होत्या का? टर्कीत तर नराशिवायही क्वचित पिल्लू होते. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास झाला, आणि अशी पिल्ले नरच असतात. हे अर्थात विषयांतर, पण अंगणातला पुरावा किती निसरडा असतो ते त्यातून दिसते.

भेसळीच्या आरोपाबद्दल एवढेच. मादीकडे या जनुकाची एकच जागा असते, म्हणून नॅरॅगॅन्सेट दिसणारी मादी त्या जागी दुसरे काही लपवू शकत नाही. तिला तांबड्याची किंवा पांढऱ्याची एखादी प्रत मिळालेली असू शकते. त्या अर्थाने ती भेसळीची असेलही, पण सगळी पिल्ले ब्राँझ निघणे हा त्याचा पुरावा नव्हे. आरोप पडताळायचाच असेल, तर तिचा एखादा ब्राँझ दिसणारा मुलगा ठेवून त्याला दुसऱ्या कळपातल्या ब्राँझ माद्यांशी जोडावे, आणि त्या माद्या आधीपासून बराच काळ नरापासून वेगळ्या ठेवाव्यात. त्या उबवणीतल्या सुमारे निम्म्या मुली नॅरॅगॅन्सेट निघायला हव्यात.

लाल पिसारा
म्हणजे विक्रेत्याचा खरेपणा सिद्ध करण्यासाठी वर्षभर दाणा मी घालायचा. हरकत नाही. बर्बन रेडच्या माद्या बाहेरून आणलेल्या होत्या, हे मी नाकारत नाही, आणि 'खुशाल द्यावीत' हे शब्द तेवढे मागे घेतो. सल्ल्याचा उरलेला भाग मागे घेतो असे मात्र कोणी समजू नये. नर निवडून ठेवला आहे. पुढच्या हंगामात मुलींचे रंग येथेच लिहीन, आणि त्या सगळ्या ब्राँझ निघाल्या तर कृष्णपिच्छ यांनी दाण्याचा खर्च द्यावा.

कृष्णपिच्छ
देईन. मात्र माद्या वेगळ्या ठेवल्याची तारीख आधी येथे नोंदवावी, आणि मोजण्यापुरत्या मुली निघू द्याव्यात. दोन-तीन पिल्लांवर मी दमडीही देणार नाही.