मदत हवी आहे: २२क्यू११.२ डिलीशन, मेंदूचा एमआरआय करावा का?

कावेरी_न:
मुलीचा मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांची बारीक तपासणी) रिपोर्ट आला, २२क्यू११.२ डिलीशन, म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नाही. डॉक्टर म्हणाले मोठेपणी मानसिक आजाराची शक्यता असते, लक्ष ठेवा. कशावर ठेवायचं ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत. घरी येऊन वाचलं तर सगळीकडे स्किझोफ्रेनिया. ह्यांचं म्हणणं, एमआरआय करून मोकळं होऊ. त्यातून पुढचं कळतं का? लवकर सांगा, सोमवारी परत जायचंय.

विसू:
वय काय? टेस्ट कशासाठी सांगितली? एवढ्यावरून कोण काय सांगणार?

आप्पा_सातारा:
ताई, या टेस्टांच्या मागे लागू नका. रोज सकाळी ब्राह्मी तुपातून द्या, मेंदूला बळ येतं. माझ्या नातवाची एकाग्रता सुधारली.

विसू:
आप्पा, तुमच्या नातवाच्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला नव्हता. इथे तीस लाख अक्षरांचा डीएनए आणि त्यातली चाळीसेक जनुकं एका प्रतीतून नाहीत. ती तुपाने परत येत नाहीत.

आप्पा_सातारा:
मी कुठे म्हटलं परत येतात? बळ येतं म्हटलं. दोन्ही चालू ठेवावं.

कावेरी_न:
नववीत आहे. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय, फॅलोज टेट्रालॉजी हा जन्मजात दोष होता. बोलणं थोडं नाकातून. जुन्या फाइलवर 'डायजॉर्ज?' असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंय, पण तेव्हा कॅरिओटाइप (गुणसूत्रांची साधी तपासणी) नॉर्मल आला होता. मग आता हे कुठून आलं? सासूबाई विचारतात, तुमच्या माहेरी कोणाला होतं.

ऋजुता_कार्डिफ:
कावेरीताई, तुकडा इतका छोटा असतो की साध्या कॅरिओटाइपमध्ये बहुतेकदा दिसत नाही. फिश (नेमका तो तुकडा शोधणारी टेस्ट) किंवा मायक्रोअ‍ॅरेमध्ये सापडतो. डायजॉर्ज म्हणजे हेच. अँजेलो डायजॉर्ज यांनी १९६५मध्ये वर्णन केलं तेव्हा जनुकीय कारण माहीत नव्हतं. आणि सासूबाईंना सांगा, दहातल्या नऊ मुलांमध्ये डिलीशन नव्याने होतं, आईवडिलांकडून येत नाही. तरी तुमची दोघांची तपासणी करून घ्या. मुलीला पुढे मूल झालं तर त्याच्यात जाण्याची शक्यता मात्र निम्मी.

एमआरआयचं. इथल्या कार्डिफ विद्यापीठात अशा मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे, म्हणून ठामपणे लिहिते. अनेक देशांतले स्कॅन एकत्र करून पाहिलं तेव्हा या मुलांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचं क्षेत्रफळ सरासरीने कमी आणि जाडी जास्त निघाली. पण ही गटाची सरासरी. एका मुलीचा स्कॅन बघून तिला आजार होईल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. चारातल्या साधारण एकाला मोठेपणी सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार, स्किझोफ्रेनिया त्यातलाच) होतो, म्हणजे तिघांना होत नाही, हेही वाचा. लहान वयात चिंता आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) जास्त दिसतात, त्यावर उपचार आहेत. ज्यांना पुढे सायकोसिस झाला त्यांची भाषिक बुद्धिमत्ता साधारण अकराव्या वर्षापासून इतरांपेक्षा जास्त घसरत गेलेली आढळली. म्हणून एकदा नीट बुद्धिमापन करून आकडे जपून ठेवा, पुढे तुलना करता येते.

सचिन_ठाणे:
दिव्यांग प्रमाणपत्राचं काम आत्ताच सुरू करा. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. दहावीला जादा वेळ मिळण्यासाठी लागेल.

कावेरी_न:
प्रमाणपत्राचं विचारलं नव्हतं, पण लिहून ठेवते. ऋजुता, अभ्यासात मागे पडतेय हे खरं. हल्ली फार घाबरते. परीक्षेत बोटं आखडतात, ओठांभोवती मुंग्या येतात म्हणते, पेन धरता येत नाही. टेन्शन असेल असं शाळा म्हणते.

शुभदा_नागपूर:
थांबा! बोटं आखडणं आणि ओठांभोवती मुंग्या? कॅल्शियम शेवटचं कधी तपासलं? माझ्या भाच्याला हेच डिलीशन. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी नीट तयार झालेली नसते, कॅल्शियम पडतं. लहानपणी नॉर्मल असलं तरी वयात येताना, तापात, ऑपरेशननंतर पुन्हा पडू शकतं. त्याला सहा महिने सगळे चिंतारोग म्हणत होते, शेवटी फिट आल्यावर कळलं. सोमवारची वाट बघू नका, उद्याच रक्त द्या.

आप्पा_सातारा:
कॅल्शियमसाठी नाचणी उत्तम.

शुभदा_नागपूर:
आप्पा, ग्रंथीच कमी पडत असेल तर नाचणीने भागत नाही. डॉक्टर कॅल्शियमसोबत व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप देतात, तेही मोजून. ताई, आयनाइज्ड कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीटीएच (त्या ग्रंथीचं हार्मोन) तिन्ही लिहून घ्या. फिट आली किंवा श्वास अडकला तर सरळ इमर्जन्सीत.

ऋजुता_कार्डिफ:
शुभदा बरोबर सांगतेय, हे एमआरआयच्या आधी. कॅल्शियम कमी असलं की चिंता आणि चिडचिडही वाढते, मानसोपचाराची दिशाच चुकते.

कावेरी_न:
हे कोणीच बोललं नव्हतं. उद्या सकाळी नेते. एमआरआयचं नंतर बघू, ह्यांना हा धागाच वाचायला दिलाय.

विसू:
गोळ्या कुठल्या चालू आहेत ते अजून लिहिलं नाहीत.