जुनी प्युजो रोड सायकल २२,००० ला : भाव रास्त आहे का?

प्रश्न : मालवणात १९८०च्या दशकातली प्युजो मिळतेय, रेनॉल्ड्स ५३१चा (फ्रेमच्या स्टील नळ्यांचा एक नावाजलेला प्रकार) स्टिकर आहे. रंग छान. काय तपासू?

उत्तर : रंगावर जाऊ नका. खाऱ्या हवेत स्टीलची फ्रेम आतून खाल्ली जाते. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) पूर्ण बाहेर काढायला लावा. ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत जाम असेल तर तो काढताना फ्रेमच जाऊ शकते. अशा सायकलला निम्मेसुद्धा देऊ नका. हँडलच्या स्टेमचंही (हँडल फ्रेमला जोडणारा दांडा) तेच. हेड ट्यूबमागे (हँडलखालची उभी नळी) डाउन ट्यूबच्या (तिथून पेडलकडे उतरणारी नळी) खालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर समोरून धडक बसलीय, सरळ सोडून द्या.

उत्तर : साखळीच्या एका पिनेपासून पुढच्या २४व्या पिनेपर्यंतचं अंतर मोजा. नवी ३०५ मिमी भरते. ३०८ भरली तर साखळीबरोबर फ्रीव्हीलचाही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) खर्च धरा. रिम २७ इंची (६३० मिमी) की ७००सी (६२२ मिमी), हेही बघा. २७ इंचीचे टायर शोधावे लागतात.

उत्तर : प्युजो फ्रेंच कंपनी, म्हणून जुन्या प्युजोत बॉटम ब्रॅकेटला (पेडलचा आस फिरतो तो भाग) बऱ्याचदा फ्रेंच आटे असतात, ३५ × १ मिमी. इंग्लिश आट्यांचा सुटा भाग त्यात बसत नाही, जबरदस्तीने फिरवला तर आटे जातात. क्रँक (पेडलचा दांडा) धरून आडवा हलवा. खडखडला तर आधी आटे कुठले ते पाहा, मग भाव करा.