शुक्रवार पेठेतील नूतनीकरण केलेला जुना वाडा घ्यावा का? भिंती, लाकूड आणि कागदपत्रांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका बोळात, एक जुना दुमजली वाडा विक्रीस निघाला आहे आणि तो राहण्यासाठी घ्यावा असे आमच्या घरात सर्वांच्या मनात आहे. वाडा संस्थानकाळातला आहे, म्हणजे 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले त्याच्या बराच आधीचा. सध्याच्या मालकांनी तो मूळ कुटुंबाकडून विकत घेतला, त्याचे नूतनीकरण केले आणि आता ते तो विकत आहेत. पाडून अपार्टमेंट उभारण्याचा आमचा अजिबात विचार नाही. पेठांमधले असे वाडे एकेक करून जात आहेत, आणि जो अजून उभा आहे तो पुढेही उभा राहावा अशी मनापासून इच्छा आहे. म्हणूनच विसार (खरेदीची आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा असे ठरवले.

वाड्याची मांडणी नेहमीची आहे: पुढे सोपा (ओसरी), मग चौक, त्यामागे माजघर आणि स्वयंपाकघर, शेवटी आड (लहान विहीर) असलेले छोटे परडे. जोत्यापर्यंत काळ्या दगडाचे बांधकाम, त्यावर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब आणि तुळया, माडीखाली कडीपाट (लाकडी तक्तपोशी), वर मंगलोरी कौले. लाकूडकाम पॉलिश केलेले आहे, दिवळ्यांत दिवे बसवले आहेत, आणि पहिल्या नजरेत वाडा अतिशय देखणा दिसतो. माझी अडचण नेमकी इथेच आहे, कारण जे तपासायला हवे ते बहुतेक सगळे या नव्या कामाखाली झाकले गेले आहे.

सर्वांत मोठी शंका खांबांविषयी आहे. चौकाच्या बाजूला जुनी फरशी तशीच ठेवली असल्याने तेथील प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा असलेला स्पष्ट दिसतो, आणि तळखडा जमिनीपासून वीतभर वर आहे. लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणूनच तो असतो. सोप्यात मात्र काँक्रीट घालून त्यावर मोठ्या टाइल्स बसवल्यामुळे जमीन इतकी वर आली आहे की एकाही खांबाचा तळखडा दिसत नाही. खांब थेट टाइल्समधून वर आल्यासारखे दिसतात. म्हणजे लाकडाचा पाया चारही बाजूंनी काँक्रीटमध्ये अडकला असणार आणि तेथे पोचलेली ओल बाहेर पडायला जागा उरली नसणार. एका खांबाच्या बुडाशी पॉलिश फुगलेले आहे आणि तेथे नख दाबले असता लाकूड किंचित आत जाते. खांबाभोवतीचे काँक्रीट कापून तळखडा पुन्हा मोकळा करता येतो का, आणि बूड कुजलेले निघाल्यास तेवढाच भाग काढून नवा सागवानी तुकडा सांधण्याचे काम भरवशाचे असते का, हे अशी कामे प्रत्यक्ष केलेल्या कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.

दुसरी शंका भिंतींची. मातीच्या भिंतीत जमिनीतून थोडी ओल चढतेच, पण चुन्याचा गिलावा असेल तर ती वाफेच्या रूपाने बाहेर निघून जाते. येथे आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट दिला आहे. माजघरातील कपाट थोडे सरकवून पाहिले तेव्हा मागे पांढरा लोणा (ओलीबरोबर येणारा क्षार) फुटलेला दिसला, आणि त्याच भिंतीवर बोटांनी टकटक केल्यावर बऱ्याच ठिकाणी पोकळ आवाज आला, म्हणजे गिलाव्याने माती सोडली आहे. सगळा सिमेंट गिलावा उतरवून पुन्हा चुन्याचा करायचा झाल्यास मूळ भिंतीची माती सोबत निघून येण्याचा धोका किती असतो?

सोप्यात तर कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंतीलाही टाइल्स आहेत. मालक सांगतात की ते केवळ सफाईसाठी केले आहे, आणि तसे असेलही. तरीही शेजारच्या आजींनी सांगितले की 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पुराचे पाणी बोळात शिरले होते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे आणि त्या दोन्ही वर्षी नदी 55 फुटांच्या वर गेली होती, त्यामुळे आजींच्या सांगण्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही. भाजक्या विटेची भिंत पुरात भिजली तरी वाळल्यावर बहुधा टिकते; पांढऱ्या मातीची भिंत काही दिवस पाण्यात राहिली तर तिचा दमच जातो, आणि हे नुकसान टाइल्सखाली कधीच दिसत नाही. मिळकत निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) पूररेषेच्या आत येते की लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेषेच्या, याची खात्रीशीर माहिती महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी मिळते, की त्यासाठी पाटबंधारे विभागाकडे अर्ज करावा लागतो?

माडीवर नवे न्हाणीघर आणि संडास बांधले आहेत. त्यासाठी खाली लोखंडी गर्डर घातला असून त्याचे एक टोक मातीच्या भिंतीतच टेकवले आहे, हे मला मुळीच पटलेले नाही. या वाढीव बांधकामाची महापालिकेची परवानगी मालकांनी अजून दाखवलेली नाही. घरफाळा आणि पाणीपट्टी मात्र भरलेली आहे.

आता कागदपत्रे. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) सत्ताप्रकार, म्हणजे जमीन धारण करण्याचा प्रकार, ‘ब’ लागलेला आहे. अशा मिळकतीच्या हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते असे वकिलांनी सांगितले. मूळ कुटुंबाने सध्याच्या मालकांना विक्री करताना तशी परवानगी घेतली नसेल, तर त्या वेळचा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) किंवा दंड आमच्या गळ्यात पडू शकतो का? दुसरे असे की मूळ कुटुंबातील एका बहिणीचे हक्कसोडपत्र फायलीत नाही आणि ‘तोंडी वाटणी झाली होती’ एवढेच उत्तर मिळते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली तो अधिक स्पष्ट केला, आणि नुसत्या तोंडी वाटणीला न्यायालय सहसा मान्यता देत नाही, हे लक्षात घेता त्या बहिणीची संमती आता खरेदीखतातच घेणे योग्य ठरेल असे मला वाटते. कोणी अशा प्रकारे संमती घेतली असल्यास अनुभव जरूर लिहावा. रस्त्याच्या बाजूच्या गाळ्यात जुना भाडेकरू आहे. त्याला काढण्याची आमची इच्छा नाही.

कोल्हापूर, सांगली किंवा मिरज भागात लाकूड आणि मातीच्या बांधकामाची खरी जाण असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, तसेच चुन्याचे काम करणारा गवंडी मिळवायचा झाल्यास चौकशी कोठून सुरू करावी? आतापर्यंत भेटलेल्या दोघा इंजिनिअरांनी वाडा न पाहताच पाडण्याचा सल्ला दिला. शेवटचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे. मालक साठेखतासाठी (खरेदीखताआधीच्या विक्री करारासाठी) घाई करत आहेत. विसार देण्यापूर्वी सोप्यातील एका खांबाभोवतीच्या टाइल्स आणि माजघरातील हातभर गिलावा काढून पाहू द्यावा, आणि दोष निघाल्यास विसार परत मिळावा, अशी अट साठेखतात घालण्याची प्रथा आहे का, आणि ती नेमक्या कोणत्या शब्दांत घालावी?