खाडी, पक्षी, बोट... तुमचे अनुभव सांगा की

खानापुरी
काल संध्याकाळी बेळगावच्या किल्ला तलावावर गेलेलो. त्या 110 मीटरच्या झेंड्याखाली पायडलबोटी ओढून ठेवलेल्या, त्यातल्या एका हंसाच्या बोटीच्या डोक्यावर खंड्या बसलेला. खोट्या पक्ष्यावर खरा पक्षी. एकदम बाबा आठवले.
सातवीत असताना त्यांनी आम्हाला गोव्यात चोडण बेटावर नेलेलं, चोर्ला घाटातनं पणजी, मग रायबंदरची फेरीबोट. आम्हाला वाटलं बीच असणार, निघाला सगळा चिखल नि खारफुटी. सलीम अली पक्षी अभयारण्य. होडीवाला म्हणाला, भरती बघून यायचं की हो. आम्ही काय बघणार, बेळगावात भरती म्हणजे मिलिटरीची!! पाणी उतरलेलं, होडी आत जाईना, दीड तास धक्क्यावर बसलो. आई जाम वैतागलेली. पण त्याच चिखलात निवट्या बघितल्या, मासा असून पंखांवर रांगूलालेला, नि शेपटीला सुई लावल्यासारखी बदकं. बाबा म्हणाले हे पाणी आपल्याच तालुक्यातलं, म्हादई भीमगडच्या जंगलातनं येते, तीच ही मांडवी. भावानं लगेच बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं, आपलं आहे तर खारट कसं? बाबा गप्प.
तुमच्याकडं असलं काही असेल तर लिहा.

शहापूरची वहिनी
फेरीत आमच्या ह्यांची एक चप्पल पडली. एकच. दुसरी हातात धरून अख्खं पक्षीदर्शन केलं, पक्षी कमी आणि लोकं आम्हालाच जास्त बघत होती

दुर्बीणवाला
@खानापुरी शेपटीला सुई म्हणजे तलवार बदक, उत्तर आशियातनं थंडीला येतं. आणि होडी अडकली ते बरंच झालं, ओहोटीला चिखल उघडा पडतो, किडे खेकडे वर येतात, पाणपक्षी तेव्हाच चरायला उतरतात. खारफुटीच्या आतनं फिरायचं तर भरती पाहिजे आणि पक्षी पाहिजेत तर ओहोटी, दोन्ही एका वेळी मिळत नाही. वेळा रोज पाऊणएक तासानं पुढं सरकतात त्यामुळं मागच्या रविवारची वेळ ह्या रविवारी धरून जाऊ नका. मी गेलोय तसा, पेट्रोल जाळून

निपाणीकर
जागा केवढी आहे, दिवसभर लागतो का? पोरं लहान आहेत

दुर्बीणवाला
छोटीच, पावणेदोन चौरस किमीच्या आसपास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, सकाळी लवकर. पांढरे झगझगीत कपडे नकोत आणि पोरांना शेव देऊ नका, पाकिटाच्या आवाजानं बगळे पण उडतात

गोकाकचा पाव्हणा
सगळे गोव्याचंच बोलूलाय की. आमचं घटप्रभेचं धुपदाळ राहिलं वाटतं? 1974 पासनं अभयारण्य आहे. थंडीत कांड्या करकोचे येतात, राखाडी, कानामागं पांढरा तुरा, थव्यानं ओरडत उतरले की शेतातला माणूस पण मान वर करतो. बोटबिट काही नाही पण खारट पाणी पण नाही 😄

अनगोळची मावशी
किल्ला तलावात पायडल मारून माझे गुडघे गेले ते गेलेच. पुढची दोघं फोटो काढत होती, मागं मी एकटी इंजिन

कयाकवेडा
गोव्यातच कुंभारजुवे कालव्याकडं गेलंय का कुणी? मगरी आहेत तिथं. मित्रानं न सांगता नेलं, मी कयाकमध्ये पाय बाहेर सोडून बसलेलो. गाईड शांतपणे म्हणाला, पाय आत घ्या दादा. बस, एवढंच. परत धक्क्यावर येईपर्यंत कुणी काही बोललं नाही

शहापूरची वहिनी
अगंबाई! चप्पल पडली तेच बरं म्हणायचं

निपाणीकर
चोर्ल्याचा रस्ता सध्या कसा आहे

खडेबाजार
रस्ता? 😂 जांबोटीत चहा पिऊन घ्या, पुढं हलत हलत पिता येणार नाही

खानापुरी
@दुर्बीणवाला तलवार बदक! इतकी वर्षं आम्ही घरात सुईवालं बदकच म्हणतोय. भावाला आत्ताच मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, पाणी खारट का ते विचार.

दुर्बीणवाला
समुद्राचं पाणी भरतीला आत चढतं म्हणून. बाबांना माहीत असणार हो, भीमगडच्या कौतुकात सांगायचं राहिलं असेल

अनगोळची मावशी
गुडघ्याला कुणी तेल सुचवा बाई