मदत हवी आहे: आईचा सांधेदुखीचा आजार आणि गुळवेलीचा काढा

नमस्कार मंडळी. आईला (वय 58) चार महिन्यांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस निघाला, अँटी-सीसीपी (या आजाराची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. सकाळी तास-दीड तास बोटं वळतच नाहीत. परवा दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना कात्री सारखी हातातून निसटत होती. बघवलं नाही.

मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारी गोळी) सुरू आहे, आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक ॲसिड. पण मावशी रोज फोनवर सांगते, "ताई, प्रतिकारशक्ती वाढव, गुळवेलीचा काढा घे." आईलाही ते पटतं. अहो, जी फौज जंतूंशी लढायची, तीच इथे सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडली आहे. तिला आणखी जोर कशाला द्यायचा? शिवाय 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. मेथोट्रेक्सेटवर असताना यकृताच्या तपासण्या तशाही कराव्या लागतातच.

तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल तर सांगा, मोठ्या माणसांना हे कसं समजावलंत? आणि सकाळचा आखडलेपणा कशाने कमी झाला? कोमट पाण्यात हात बुडवून की बोटांच्या व्यायामाने? डॉक्टरांची पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे.