चुनकळीतून निघणारी उष्णता आधी कुठे असते? मदत हवी आहे

नमस्कार. मी दहावीच्या विद्यार्थ्यांना विज्ञान शिकवतो. कळीचा चुना, म्हणजेच चुनकळी, पाण्यात टाकला की भांडे चटका बसेल इतके तापते, एवढे दाखवले की उष्मादायी अभिक्रिया मुलांच्या ध्यानात राहते, परंतु "थंडगार चुनकळीत ही उष्णता होती कुठे?" या त्यांच्या प्रश्नाला मुलांना पटेल आणि शास्त्राला सोडून नसेल असे उत्तर मला हवे आहे.

माझी आकडेमोड अशी आहे. चुनखडी भट्टीत भाजून चुनकळी होताना दर मोलला (मोल हे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) सुमारे १७८ किलोजूल उष्णता शोषली जाते. ती कळी पाण्यात विरताना सुमारे ६५ किलोजूल बाहेर पडतात, आणि भिंतीला लावलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, होताना उरलेले ११३. हिशेब तंतोतंत जुळतो. मग भट्टीची उष्णता कळीत कोंडून राहते, असे सांगावे का? आणि ११३ हा आकडा ६५ पेक्षा मोठा असूनही चुन्याची भिंत कधीच गरम का लागत नाही?

प्रतिसाद :

आपला हिशेब बरोबर आहे; रसायनशास्त्रज्ञ हेस यांनी १८४० साली मांडलेला नियम तो हाच: अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक, एकूण उष्णता तेवढीच. "कोंडलेली उष्णता" हे शब्द मात्र मी टाळेन, कारण कोरड्या, हवाबंद डब्यात चुनकळी वर्षानुवर्षे थंडच राहते. भट्टीतली ऊर्जा कॅल्शियम ऑक्साइड (म्हणजे चुनकळी) आणि कार्बन डायऑक्साइड यांना एकमेकांपासून वेगळे करण्यात खर्च झालेली असते, म्हणून ती एकट्या कळीची नव्हे, तर त्या वेगळेपणाची आहे. कळी पाण्याशी संयोग पावते तेव्हा पाण्याच्या रेणूतील बंध तोडायलाही ऊर्जा लागते, पण नवे बंध जुळताना त्याहून अधिक ऊर्जा सुटते आणि तेवढाच फरक आपल्याला जाणवतो. एक किलो शुद्ध कळीमागे हा फरक सुमारे १,१६० किलोजूल भरतो, म्हणजे कागदावर तरी साडेतीन लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणण्याइतका.

भिंतीचे उत्तर वेगात आहे. कळी काही मिनिटांत विरते, त्यामुळे उष्णतेला निसटायला सवड मिळत नाही. हवेत मात्र कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, आणि तोही गिलाव्याच्या छिद्रांतून हळूहळू आत शिरणार. त्या महिनोन्‌महिन्यांत निर्माण होणारी उष्णता त्याच वेळी हवेत निघून जाते. किती उष्णता सुटली आणि तापमान किती चढले, या दोन गोष्टी मुलांना आधीच वेगळ्या करून दाखवाव्यात.

प्रयोगासाठी ताजी कळीच घ्यावी, कारण उघड्यावर पडलेली कळी हवेतील ओलावा शोषून आधीच विरलेली असते आणि मग भांडे तापत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच.