तुमच्याकडे बोंबलाला काय म्हणतात?

माझं आजोळ वेसाव्याचं. पाऊस सरला की किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या राहायच्या आणि आजी, मावश्या सकाळपासून बोंबील वाळत घालायला बसायच्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, तार नाही. त्यांचे आत वळलेले बारीक दातच एकमेकांना धरून ठेवतात. त्या दातांनी माझी बोटं कितीदा तरी सोलवटली आहेत.

गेल्या महिन्यात मुलीने विचारलं, "आई, बोंबलाला बॉम्बे डक का म्हणतात? तो बदक आहे का?" मी तिला डाकगाडीची गोष्ट सांगितली. लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे शंका घ्यायचं मनातही आलं नव्हतं. नंतर एका जाणत्या माणसाने ती गोष्ट खोडून काढली. आपल्याच घरच्या माशाबद्दल मी लेकीला चुकीचं सांगितलं, हे मला फार लागलं. तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच विचारते आहे.

म्हणून तुम्हालाही विचारते. तुमच्या घरात, गावात, बदलीच्या ठिकाणी या माशाला काय म्हणायचे? त्या नावाचे आणखी काय अर्थ निघायचे? ऐकीव असेल तरी लिहा, फक्त कुणाकडून ऐकलं तेही सांगा.

दादरहून, निवृत्त ग्रंथपाल

डाकगाडीची गोष्ट खोडणारा मीच. पण मीही ती कितीतरी वर्षं वाचकांना सांगत होतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. सुक्या बोंबलाची पोती डाकगाडीने जात, डब्याला वास लागे, साहेब त्या वासाला 'बॉम्बे डाक' म्हणत आणि डाकचं पुढे डक झालं, अशी ती गोष्ट. तारखा मात्र जुळत नाहीत. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली, आणि 'बॉम्बे डक' हे नाव इंग्रजी छापील मजकुरात त्याच्या आधीपासून आहे. गाडीच नव्हती तर डब्याला वास कुठून येणार?

मला त्याहून मोलाची वाटते ती जॉन फ्रायरची नोंद. हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ मध्ये मुंबईत आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात माझगावबद्दल तो लिहितो की हे मोठं कोळ्यांचं गाव, 'बंबेलो' नावाच्या माशासाठी विशेष प्रसिद्ध, आणि गोरगरिबांचा निर्वाह या माशावर होतो. हे पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा जागचा उठून खिडकीशी गेलो होतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक परका माणूस माझगावच्या किनाऱ्यावर उभा राहून कुणा कोळणीच्या तोंडून 'बोंबील' ऐकतो आणि कानाला लागला तसा लिहून घेतो. आज त्या माझगावात गोदी आहे.

पुढे यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही हा मासा 'बमेलो' या नोंदीखालीच दिला आहे. 'बॉम्बे डक' शोधायला गेलात तर कोश तुम्हाला 'बमेलो'कडे पाठवतो. आणखी एक गंमत तिथे आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांच्यातच टोपणनावं होती. बंगालचे ते 'कुई-हाय', कारण सारखे नोकराला 'कोई है' अशी हाक मारत. मद्रासचे ते 'मल', मुलिगटॉनी या मिऱ्याच्या तिखट सारावरून. आणि मुंबईचे ते 'डक'. कोशकारांच्या मते हे नाव या माशावरूनच पडलं. म्हणजे गोरगरिबांच्या माशाचं नाव साहेबांना चिकटलं होतं.

सातारा जिल्ह्यातून

आम्ही घाटावरची माणसं. ओला बोंबील मी विसाव्या वर्षी मुंबईत पाहिला आणि तो बोंबील आहे यावर माझा विश्वासच बसेना. आमचा बोंबील म्हणजे आठवडी बाजारात गोणपाटावर पसरलेल्या कडक काड्या. आई चुलीतल्या निखाऱ्यावर भाजायची, मग कुटून लसूण-मिरची घालायची, नाहीतर वांग्यात टाकायची. पेरणीच्या दिवसांत शेतावर भाकरी आणि भाजलेला बोंबील एवढंच जायचं. त्याच्या वासाने बांधावरची कुत्री उठून उभी राहायची.

गावात कुणी वाळलेला, हाडं दिसणारा माणूस असला की 'पार सुका बोंबील झालाय' म्हणायचे. मुंबईत माझा खोलीमित्र उत्तनचा होता. तो एकदा एकाला म्हणाला, 'काय बोंबलासारखा लिबलिबीत उभा आहेस?' मी थांबून विचारलं, बोंबील लिबलिबीत कसा? तेव्हा त्याने मला मासळी बाजारात नेलं. पाटीत ते गुलाबीसर, जेलीसारखे मासे पडले होते, उचलले तर हातातून ओघळतील असे. एकच नाव, आणि त्याच्या गावी त्याचा अर्थ ढिला, माझ्या गावी कडक. मधल्या चार-पाच दिवसांच्या उन्हाने हा फरक केला होता. ते ऊन माझ्या गावाने कधी पाहिलंच नव्हतं, आमच्याकडे फक्त त्यानंतरचा मासा यायचा.

पुण्याहून

वरच्या 'सुका बोंबील' बद्दल. शाळेत पाचवी ते दहावी माझं हेच नाव होतं. मी खरंच फार बारीक होते. हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून हळूच यायचं. मी घरी बोंबील खायचे सोडून दिले आणि आईला कारण सांगितलं नाही. लग्नानंतर सासूबाईंनी रव्यात घोळवून केलेले ओले बोंबील समोर ठेवले तेव्हा पहिला घास घेताना रडू आलं. एवढंच लिहायचं होतं.

अलिबागहून, मराठीची शिक्षिका

सामान्यरूप शिकवताना मी हा शब्द मुद्दाम घेते. माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाला, बेरीज-बेरजेला, तसं बोंबील-बोंबलाला. मधला दीर्घ स्वर जातो आणि त्या जागी अ येतो. 'बोंबला' ऐकू आलं की वर्ग हसतो, कारण 'बोंबला!' म्हणजे सगळं बिघडलं. मी हसू देते. मग विचारते, दोन्ही शब्द कानाला सारखे लागले म्हणून ते एकाच मुळातून आले असं धरायचं का? थळच्या एका कोळ्याच्या मुलीने एकदा सरळ उत्तर दिलं होतं: "बाई, बोंबील बोंब मारत नाही. तो जाळ्यातून आला की लगेच मऊ पडतो." तिचे वडील डोलीवर जायचे. डोलीचं जाळं भरतीच्या ओढीत तोंड उघडून उभं असतं आणि बोंबील ओढीबरोबर आत येतो, हेही तिनेच वर्गाला फळ्यावर काढून दाखवलं.

डहाणूहून

आमच्या शेजारी पारशी कुटुंब होतं. त्यांच्याकडे 'बूमला'. सुक्या बूमल्याचा आंबट-गोड-तिखट पाटियो करायचे, त्याला तरापोरी पाटियो म्हणायचे, म्हणजे आपल्या तारापूरचा. गुजरातीतही बूमलाच. तिकडे जाफराबादचे बोंबील नावाजलेले.

कोलकात्याहून

माझी बँकेतली बदली. पहिल्या रविवारी गडियाहाटच्या बाजारात गेले आणि एका टोपलीत चक्क बोंबील दिसले. मी आनंदाने "बोंबील!" असं ओरडलेच. मासेवाल्या दादांना काही कळेना. ते म्हणाले, "लोटे." मी म्हटलं, बोंबील. ते पुन्हा म्हणाले, लोटे. माझ्या मराठी कानाला लोटे म्हणजे पाण्याचे लोटे! आणि हा मासा तरी दुसरं काय आहे? मीठ लावून ठेवला की अर्धा वाडगा पाणी सोडतो.

नंतर शेजारच्या काकीमांनी त्यांचा प्रकार शिकवला, 'लोटे माछेर झुरो'. आपण बोंबील अख्खा राहावा म्हणून जिवाचा आटापिटा करतो. त्या कांदा, लसूण, मिरची घालून तो मुद्दाम मोडतात आणि पाणी आटेपर्यंत परततात. काटे आधीच काढलेले. गरम भातावर तो भुगा वाढतात. काकीमांचं माहेर मूळचं चट्टग्रामचं. तिथे याला 'लइट्टा' म्हणतात आणि वाळवलेला तो 'शुटकी'. फाळणीनंतर त्यांच्या आईने शुटकीचा डबा कसा आणला ते त्यांनी मला सांगितलं, पण ते त्यांचं आहे, इथे लिहीत नाही.

मला सगळ्यात नवल याचं वाटलं की हा मासा आपल्याकडे गुजरातपासून रायगडपर्यंत भरपूर, खाली दक्षिणेकडे विरळ होत जातो आणि मग थेट बंगालच्या बाजूला पुन्हा उदंड. मधल्या किनाऱ्याने त्याला फारसं ओळखलं नाही, म्हणून दोन टोकांना दोन वेगळी नावं राहिली असतील, असं मला वाटतं. शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. त्यातलं नेहेरियस फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर लिहिताना दिलं. म्हणजे शास्त्रात त्याची नोंद झाली ती बंगालच्या बाजूने, मुंबईच्या नाही. एका मुंबईकरणीला हे थोडं टोचलं, खरं सांगते.

लंडनहून

आमच्या शेजारी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ राहायचे. १९९८ च्या हिवाळ्यात त्यांनी दार वाजवलं आणि फार संकोचाने विचारलं, तुमच्याकडे थोडं 'डक' मिळेल का? मी म्हटलं, आम्ही बदक खात नाही. ते हाताने चुरा करायची खूण करू लागले, भातावर भुरभुरायची. तेव्हा उलगडलं. त्यांच्या लेखी 'बॉम्बे डक' म्हणजे करीवर कुस्करायची एक कुरकुरीत, खारट वस्तू. ती कधी काळी पोहत होती हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुकानात मिळत नव्हतं याला कारण होतं. १९९७ मध्ये युरोपीय आयोगाने भारतातून येणारा सुका बोंबील बंद केला. मासळी मान्यता असलेल्या कारखान्यातूनच यायला हवी असा नियम, आणि बोंबील वाळतो किनाऱ्यावरच्या उन्हात. त्याने कुणी आजारी पडल्याची नोंद इथे नव्हती. इथल्या खवय्यांनी तो परत यावा म्हणून मोहीम चालवली आणि २००० मध्ये, मान्यताप्राप्त ठिकाणी पॅक केलेला असेल तर, वाट मोकळी झाली. त्या तीन वर्षांत आईने आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या सामानातून माझ्यासाठी बाजूला काढलेले बोंबील मी मुंबईहून आणू शकले नाही. नाव घ्यायला घरात होतं, मासा नव्हता. म्हाताऱ्यांना मी तेव्हा सुकटाची चटणी दिली. ती त्यांना आवडली, पण 'डक' नव्हे असं म्हणाले.

लालबागहून

वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा. पगार थांबला आणि ताटात सुका बोंबील आला तो गेलाच नाही. आई कालवणात इतकं पाणी घालायची की बोंबील शोधावा लागायचा. धाकटी बहीण विचारायची, "आज काय?" आई म्हणायची, "आज पापलेट." आम्ही तिघं भावंडं त्याला पापलेटच म्हणायचो, बाहेरसुद्धा. बहीण पहिलीत गेली आणि बाईंनी चित्रातला मासा दाखवून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, हे पापलेट नाही, पापलेट लांब आणि काडीसारखं असतं. आई गेली. आम्ही भावंडं फोनवर अजून तेच नाव वापरतो.

पुन्हा मी, वेसाव्याहून

हे सगळं मी काल आईला वाचून दाखवलं. तिचं वय आता ब्याऐंशी. लालबागचं वाचताना तिने डोळ्याला पदर लावला आणि मला थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने तिने स्वतःची गोष्ट सांगितली, तिच्या आजीकडून ऐकलेली. रामाने सेतू बांधायला घेतला तेव्हा सगळे मासे मदतीला गेले, बोंबील गेला नाही. रामाला राग आला. त्याने बोंबलाला शेपटीने उचलून भिरकावला, तो आपल्या मुंबईच्या समुद्रात येऊन आपटला. हाडं मोडली ती मोडलीच, म्हणून तो असा मऊ. मी म्हटलं, आई, बंगालमध्येही आहे तो, तिकडे कसा गेला? ती म्हणाली, एकच होता असं कोण म्हणालं?

फ्रायरचं वाचल्यावर तिने विचारलं, माझगावच्या त्या बाईचं नाव लिहिलंय का त्याने? मी नाही म्हटलं. ती बराच वेळ गप्प राहिली.

मग कोलकात्याच्या ताईंसाठी एक निरोप दिला. तिकडे लोटे वजनावर देतात की वाट्यावर, आणि एका वाट्यात किती येतात, ते कळवा म्हणते.